चुकीच्या गावी गेलेला मांडव

तेंदूचा, म्हणजे विडीच्या पानांचा, हंगाम लागला की माझी माणसं मला सोडून जातात. दरवर्षी जातात, आधी सांगून जातात, आणि तरी दरवर्षी मला राग येतो. ऐन वैशाख, लग्नाच्या तारखा एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. शेडमध्ये कापडाचे गठ्ठे, पाइप, भाताचे मोठे गंज, कढया, कूलर सगळं तयार आणि उचलायला माणूस नाही. उजाडायच्या आत अख्खा तालुका पानं तोडायला जंगलात शिरलेला असतो आणि दुपारी घरोघरच्या ओसरीवर पुडे बांधत बसलेला असतो. शंकरभाऊ माझा जुना माणूस. यंदाही त्यानं डोक्याचा दुपट्टा सोडता सोडता सांगितलं, "भाऊ, पान लागलं. आता काही दिवस मले विचारू नका."

मी म्हटलं, "मंग लग्नं काय तू आल्यावर लावाची?"

"लावा न. नवरदेव काही पळून नाई जात," तो म्हणाला आणि गेलाच.

तेंदूचं काम घरादाराचं असतं, पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांचे हात लागतात, आणि ते वर्षातून एकदाच येतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो. पण हे शहाणपण मला संध्याकाळी सुचतं. भर दुपारी तापलेल्या पत्र्याखाली स्टेजची फळी एकट्यानं ओढताना ते कुठे दडी मारून बसतं कोण जाणे.

माझं पोंभुर्ण्यात बिछायत केंद्र आहे. पुण्याकडचे लोक याला मंडप डेकोरेटर्स वगैरे म्हणतात, आमच्याकडे बिछायत. लोकांच्या घरी काही मोठं घडलं की आम्ही जातो. घरात माणूस वाढला की जातो आणि कमी झाला तरी जातो. नाव आहे तन्वी बिछायत केंद्र. तन्वी माझी मुलगी. ती झाली त्याच वर्षी धंदा सुरू केला म्हणून तिचं नाव दिलं. इकडे ही सर्रास पद्धत आहे. ज्याच्या पोरीचं नाव दुकानावर नाही तो एकतर बिनलग्नाचा किंवा अतिशहाणा. तर तन्वी हे नाव माझ्या प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर निळ्या रंगात आहे, प्रत्येक गंजाच्या काठावर ठोकलेलं आहे, कूलरच्या पत्र्यावरही आहे. शाळेतल्या पोरांनी तिला चिडवून झालं, तिनं रुसून झालं, आता तिला त्याचं काही वाटत नाही.

या धंद्यात कापडाला सोवळं-ओवळं असतं. लग्नाला रंगीत कापड, झालरीचं, चमकीचं. माणूस गेल्यावर तेरवीला पांढरं. तेरवीच्या पांढऱ्याला झालर नसते, ते मऊ आणि धुऊन धुऊन विरलेलं असतं, जाणत्या माणसाला लांबूनही ओळखू येतं. दोन्ही गठ्ठे शेडच्या दोन टोकांना. मरणाच्या घरून आलेल्या सतरंज्या, भांडी थेट लग्नाला जात नाहीत; मध्ये एखादं देवाचं काम घडावं लागतं, कुठे सप्ताह, कुठे भंडारा, मगच ती लग्नघरी जातात. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, गिऱ्हाईक विचारतही नाही. पण कुणाला कळलं की यांनी काल तेरवीला घातलेली सतरंजी आज बोहल्यापुढे टाकली, तर पंचक्रोशीत दुकान बंद करायची वेळ येईल.

कूलरमध्ये नवं गवत भरून पहिल्यांदा पाणी सोडलं की एक वास येतो. ओल्या गवताचा, तापलेल्या पत्र्याचा, थोडा गंजाचा. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात वाढलेल्या कुणालाही तो वास म्हणजे सुख. मलाही होता. आता तो आला की मी पंपाचं बटण दाबून जरा बाहेर जाऊन उभा राहतो. गडी समजतात, मालक बिडी प्यायला गेला.

तन्वी आठ वर्षांची होती तो उन्हाळा मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो, आणि त्या तुकड्यांत मी स्वतः फारसा कुठे नाही. माझे हात आहेत. मोटरसायकलचं हँडल आहे. कानाला लावलेला फोन आहे.

तन्वी माझ्याबरोबर एका लग्नाला आली होती. मालकाची पोरगी म्हणून सगळीकडे मिरवत होती. बँड लागायच्या आधीच मोकळ्या स्टेजवर नाचून झालं, उन्हात खुर्च्यांच्या रांगांमधून पळून झालं. पाणी पी म्हटलं तर "प्यायली" म्हणाली. घरी आली आणि म्हणाली, "बाबा, पाय दुखून राह्यले." नाचली म्हणून दुखत असतील, असं आम्ही म्हटलं. सवितानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तेल चोळलं. सकाळी ती उभी राहीना. पाय, मग पाठ, मग छाती. आधी मोठ्यानं रडत होती. नंतर रडायची थांबली, नुसती कण्हायला लागली, आणि ते जास्त वाईट होतं. इथल्या डॉक्टरांनी डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली आणि चंद्रपूरला न्यायला सांगितलं.

सिकलसेल. हा शब्द आमच्या भागात कुणाला नवा नाही. कुणाच्या भाच्याला, कुणाच्या सुनेला, शाळेतल्या कुण्या पोराला असतोच. रक्तातल्या पेशी वाकड्या होतात, अडकतात, आणि अडकतात तिथे दुखतं. ऊन, ताप, पाणी कमी पडणं, काहीही निमित्त होतं. डॉक्टर तरुण होते, सांगताना कागदावर चंद्रकोर काढून दाखवत होते. म्हणाले, हे दोघांकडूनही आलेलं आहे. तुम्ही दोघंही वाहक असणार. तुमच्यात अर्धं अर्धं असतं म्हणून तुम्हाला काही त्रास नाही. तिच्यात पुरं झालं.

मला तेव्हा काय आठवावं? माझं लग्न. मी त्या काळी दुसऱ्याच्या बिछायतीत कामाला होतो. माझ्याच लग्नाच्या मांडवाचा एक कोपरा लोंबत होता, मला तो बघवेना, म्हणून हळदीच्या अंगानं बल्लीवर चढून मीच तो ओढून बांधला. सगळे हसले होते. सविताच्या बापानं म्हटलं होतं, असा जावई पाहिजे. त्या लग्नात कूळ पाहिलं, देव पाहिले, पत्रिका पाहिली, देण्याघेण्यावरून एक मामा रुसला त्याची समजूत काढली. रक्त कुणी पाहिलं नाही. तेव्हा कुणाच्या डोक्यातच ते यायचं नाही. आणि नंतर मी एवढ्या लोकांची लग्नं लावली, म्हणजे त्यांच्या डोक्यावर कापड धरलं, तेव्हा माझ्याही आलं नाही.

डॉक्टर बोलत होते आणि मी वॉर्डाच्या छताकडे बघत होतो. लांबट खोली, मधे तीन तुळया. याला कापड किती लागेल, जोड कुठे द्यावा लागेल, हे माझं डोकं मोजत होतं. मी ते थांबवायचा प्रयत्न केला. थांबलं नाही.

सविता रडत होती. तिची आई आली ती दारातूनच रडत आली. भाऊ आला, त्यानं भाचीच्या कपाळावर हात ठेवला आणि तोही बाहेर जाऊन रडला. मी औषधं आणली, पैसे भरून चिठ्ठ्या फाडून आणल्या, सलाइनची बाटली संपत आली की सिस्टरला हाक मारली. सविता त्या गर्दीत मला म्हणाली, "तुमच्या तोंडावरची माशी बी हलून नाई राह्यली. तुमाले काही वाटते का नाई?"

मी म्हटलं, "वाटते."

पण खरं सांगायचं तर वाटत नव्हतं. मी आत शोधून पाहिलं. जिथे काहीतरी असायला हवं तिथे नुसतं सपाट होतं. सुन्न झालेल्या पायावर हात फिरवला की तो दुसऱ्याचा पाय वाटतो, तसं. पोरगी दुखण्यानं पिळवटत होती, ती जगेल की नाही हे कुणी सांगत नव्हतं, आणि मी चहा पीत होतो आणि तो चहा गोड आहे एवढंच मला कळत होतं. आपण असे निघालो याची मला भीती वाटली. खरं तर भीतीही वाटली नाही, वाटायला पाहिजे हे कळलं.

वॉर्डात उकाडा भयंकर होता. पंखे गरम वारा खाली ढकलत होते. डॉक्टर म्हणाले होते हिला उष्णता चालायची नाही. मला एवढंच समजलं, की हे मला करता येतं. सिस्टरला विचारलं, ती म्हणाली आणा. मी शेडमधला मोठा कूलर पिकअपमध्ये टाकून आणला, लग्नात नवरदेवाच्या मागे लावतो तो. खिडकीत बसवला, पाणी भरलं. त्याच्या पत्र्यावर एका बाजूला गुलाबी रंगात शुभ विवाह आणि खाली तन्वीचं नाव. वारा सुटला तसा अख्खा वॉर्ड त्या बाजूला कुशीवर वळला. एक म्हातारी पेशंट म्हणाली, "पंगत कवा बसते बापा?" सगळे हसले. तन्वीसुद्धा किंचित हसल्यासारखी झाली. मग तिच्या पाठीतून पुन्हा कळ गेली आणि तिनं माझा अंगठा धरला. ओल्या गवताचा वास सगळीकडे पसरला होता.

धंदा तर चालूच होता. धंदा थांबत नसतो. मंगलाष्टकं काही तुमच्या पोरीच्या तब्येतीवर अवलंबून नसतात. लोकांनी महिनोन् महिने आधी सांगून ठेवलेलं असतं. एकाच दिवशी दोन कामं होती. नदीकाठच्या गावी लग्न, जंगलाला लागून असलेल्या गावी तेरवी. शंकरभाऊ तेंदूवर होता, तरी माझ्यासाठी आदल्या संध्याकाळी तो आला. पान तोडून हात काळे झालेले, अंग दुखत असलेलं, तरी दोन्ही गाड्या भरून द्यायला तयार झाला. बांधायला मी मूल गावाकडचे काही नवे गडी लावले होते, ते सकाळी जाणार होते. शंकरभाऊनं फोन केला.

त्या वेळी सिस्टर तन्वीच्या हातात सुई घालत होती. रक्त लावायचं होतं आणि शीर सापडत नव्हती. एका हातात झालं, दुसऱ्या हातात झालं, मग पायाकडे बघत होती.

"भाऊ, नदीकडं कोणचं पाठवाचं?"

"पांढरं," मी म्हटलं.

"पांढरं नदीकडं. अन् रंगीत जंगलाकडं. पक्कं न भाऊ?"

"पक्कं."

तो बिचारा दिवसभर रानात असायचा. कुणाच्या घरी लग्न आणि कुणाच्या घरी मरण, त्याला काय ठाऊक? सुई बसली. बाटलीतून लाल थेंब पडायला लागले. मी फोन खिशात ठेवला आणि थेंबांकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरीच्या काकाचा फोन आला. तो इतका ओरडत होता की शेजारच्या कॉटवरच्या बाईनं मान वर केली. "आमच्या घरी कोण मेलं? सांगा न, कोण मेलं?"

मी सविताला सांगून निघालो. डोक्याला दुपट्टा गुंडाळला, मोटरसायकल काढली. दोन्ही बाजूंना साग उघडे उभे, मोहाला तांबडी कोवळी पालवी, डांबर मऊ झालेलं. एरवी त्या रस्त्यावर वाघाची आठवण येते, मान आपोआप डावी-उजवीकडे फिरते. त्या दिवशी वाघ आडवा आला असता तरी मी हॉर्न वाजवून पुढे गेलो असतो.

शाळेच्या मैदानावर मांडव पांढराशुभ्र उभा होता. गडी नवे, त्यांना वाटलं ही शहरातली नवी फॅशन असेल. हल्ली खरंच असते. पण हे फॅशनचं पांढरं नव्हतं. नवरीची आजी मांडव पाहून जमिनीवर बसली होती आणि दोन बाया तिला वारा घालत होत्या. काका माझ्या अंगावर धावून आला. मी उभा राहिलो. मारलं असतं तरी चाललं असतं, इतका मी शांत होतो, आणि त्या शांतपणानं तो आणखीच चिडला. बदलून आणतो म्हणालो, पण जंगलाकडचं गाव लांब, तोवर वरात यायची.

नवरीचा बाप मात्र माझ्याकडे नुसता बघत होता. म्हणाला, "तुमी दवाखान्यातूनच आले न सीधे?"

"हो."

तेवढ्यात नवरीचे आजोबा काठी टेकत पुढे आले. वर पाहिलं, कापडाला हात लावून पाहिला. "कापड राहू द्या. सावली तं देते न? जांभळीच्या डाहाळ्या आणा. माह्या लग्नात कुठी होतं कापड?"

मांडवावर जांभळीची डाहाळी घालायची रीत आमच्याकडे आहेच. पण कापडाचे दिवस आल्यापासून ती एका कोपऱ्यात खोचलेल्या फांदीपुरती उरलीय. त्या दिवशी पोरं कोयते-कुऱ्हाडी घेऊन गेली आणि ट्रॅक्टरभर जांभूळ घेऊन आली. मीही पाइपवर चढलो. फांद्या खालून बांधत गेलो, एकाला एक लावून. हळूहळू पांढरं दिसेनासं झालं आणि मैदानावर गार हिरवा अंधार पडला, पानं चुरगळल्याचा तुरट वास सुटला. आजी उठून आत आली, वर बघून म्हणाली, "असा मांडव मी लहानपणी पाह्यला होता." लोक माझी पाठ थोपटत होते. काका चहा घेऊन आला. एवढा सुंदर मांडव माझ्या हातून आधी कधी झाला नव्हता आणि नंतरही नाही. मला ते तेव्हा दिसत होतं, पण आनंद झाला नाही.

मग जंगलाकडचं गाव. तिथे तर आणखी मोठा मार पडणार होता.

तिथे अंगणात माझा गुलाबी-पिवळा मांडव, चमकीच्या झालरी वाऱ्यावर हलताहेत. गाडीत होती म्हणून नव्या गड्यांनी दारात स्वागतम् लिहिलेली कमानही रोवलेली. खाली पांढऱ्या लुगड्यांतल्या बाया बसलेल्या आणि कापडातून गाळून आलेल्या उन्हानं सगळ्यांचे चेहरे गुलाबी झालेले. गेलेला माणूस सोमाजी. दंडारीच्या नाचात बायकांची सोंगं करायचा, आजूबाजूच्या गावांत त्याचं नाव होतं. लोक त्याचा नाच बघायला बैलगाड्या जुंपून यायचे. त्याचा मुलगा मला बघून उठला. कमान तरी आधी काढा, म्हणाला. मी गाठ सोडायला हात घातला.

"राहू दे," सोमाजीची बायको म्हणाली. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. "काहाडू नको. जन्मभर त्यानं तोंडाले रंग लावला. पांढऱ्याखाली त्याले कोणी ओळखलं नसतं."

मुलगा काहीतरी बोलायला गेला. तिनं नुसता हात वर केला, तो बाजूला झाला. मग मला जवळ बोलावलं. "तुही पोट्टी दवाखान्यात आहे म्हणे."

"हो बाई."

"रडला काय तू?"

"नाई बाई."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मी बी नाई रडली अजून. पाव्हणे आले, सैपाक मोठा होता." मग म्हणाली, "जेव. पण इथचं जेवण तिकडं नेऊ नको पोरीले. तू इथीच जेवून जाय."

मी पंगतीत बसलो. भात, वरण, वांग्याची भाजी, उडदाचे वडे. नीट असं जेवण कधी झालं होतं ते आठवत नव्हतं. समोर गावातली म्हातारी माणसं माझ्याच खुर्च्यांवर पाठमोरी बसलेली होती आणि खुर्च्यांच्या पाठींवर निळ्या अक्षरांत तन्वी, तन्वी, तन्वी अशी ओळ लागली होती. ज्या घरी माणूस गेलेला आहे तिथे ते नाव असं ओळीनं बघताना बापाला काहीतरी व्हायला हवं. मी नाव वाचलं. भात संपवला. भाजीत मीठ जास्त होतं की कमी, मला सांगता आलं नसतं.

परत आल्यावर सविताला हे सगळं सांगितलं. ती आधी हसली, पदर तोंडाला लावून हसली, मग त्याच पदरात रडली. रक्त चढून झालं होतं, तन्वी झोपली होती, ताप उतरत होता. डॉक्टर म्हणाले आता काळजी नाही, म्हणजे या वेळची. हे पुन्हा पुन्हा येणार, सांभाळायचं असतं, रोजची गोळी, पाणी, थंडीपासून आणि उन्हापासून जपणं. मी मान हलवली. कूलरचं पाणी संपलं होतं, ते भरायला गेलो.

लोक मला म्हणतात, तुम्ही एका दिवशी लग्न बघता, दुसऱ्या दिवशी मरण बघता, तुम्हाला आयुष्य चांगलंच कळलं असेल. संकटात तोल कसा ठेवायचा ते तुमच्याकडून शिकावं. मी हो-हो करतो. काय डोंबल कळलंय! आम्हाला जमीन दिसते. इथे खड्डा घेता येईल का, दगड लागेल का, वरून विजेची तार जाते का. लग्नाच्या मांडवाला जेवढे पाइप लागतात तेवढेच तेरवीच्या मांडवाला लागतात, एवढं मात्र मी छातीठोकपणे सांगू शकतो. त्या उन्हाळ्यात मी एकही काम बुडवलं नाही, गिऱ्हाईक तुटलं नाही, उलट जांभळीच्या मांडवाची इतका बोलबाला झाला की पुढच्या वर्षी लोक तसाच मागायला लागले. भावकीत माझं कौतुक झालं, एवढ्या धकाधकीत माणूस डगमगला नाही म्हणून. मी डगमगलो नाही कारण डगमगणारा जो कोण होता तो घरी नव्हताच. त्याला धीर म्हणायचं असेल तर म्हणा.

तो सपाटपणा पावसाळ्यापर्यंत टिकला. कापडं धुऊन, वाळवून, डांबरगोळ्या घालून बांधून ठेवली, धानाच्या रोवणीची गडबड सुरू झाली, तन्वी शाळेत जायला लागली. कधीतरी तो ओसरला, कधी ते कळलं नाही. पण एक गोष्ट आत राहून गेली. तन्वी त्या दिवसांत कॉटवरून माझ्याकडे बघायची. पुष्कळ वेळ बघायची. तिच्या आईचे डोळे सुजलेले, आजी छाती पिटतेय, मामा भिंतीकडे तोंड करून उभा, आणि बाप हा असा, कोरा. पोरीला काय वाटलं असेल? माझ्या बापाला माझं काहीच नाही, असं वाटलं असेल का? हे मी कुणाला विचारलं नाही. तिला तर विचारणं शक्यच नव्हतं. ती मोठी होत गेली, शहाणी होत गेली, आणि मला तिच्याशी बोलताना मधूनच जीभ जड व्हायची. तिला कुठेतरी नेमकं आठवत असणार आणि एक दिवस ती ते मला ऐकवणार, असं मी धरून चाललो होतो.

आता ती तेरा वर्षांची आहे. आजार तिला माझ्यापेक्षा जास्त कळतो. कुठली कळ साधी आणि कुठल्या कळेला दवाखाना, हे ती सांगते. मैत्रिणींच्या घोळक्यात तिच्या हातात पाण्याची बाटली असतेच. लग्नाला येते, सावलीतल्या खुर्चीवर बसून नाचणाऱ्यांवर शेरे मारते.

मागच्या आठवड्यात, शंकरभाऊ पानाला गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, दुपारी तिच्या पायात दुखायला लागलं. ताप नव्हता. डॉक्टरांशी फोनवर बोललो, त्यांनी गोळी सांगितली, पाणी पाजत राहा म्हणाले, वाढलं तर आणा. सविता लिंबाचं सरबत करायला आत गेली. मला पिकअप भरायची होती, दोन गावांची कामं अंगावर होती. मी कॉटच्या शेजारी स्टूल ओढून बसलो. तिनं ओठ घट्ट दाबून धरले होते.

"बाबा, तुले गाडी भराची आहे न?"

"जाईन मंग."

"थांब थोडा वेळ. तू बसून राह्यला की बरं वाटते."

"मी तं काहीच करून नाई राह्यलो."

"म्हूनच," ती म्हणाली. एक कळ येऊन गेली. मग डोळे मिटूनच बोलायला लागली. "मी लहान होती न, तवा दवाखान्यात सगळेच रडत होते. आई, आजी, मामा. मले वाटे, आपण मरून राह्यलो. मंग मी तुह्याकडं पाहू. तुहं तोंड रोजच्यावानीच राहे. मंग मले वाटे, नाई, बाबा काही घाबरला नाई, म्हणजे काही नाई होत आपल्याले."

एवढ्या वर्षांत जे आलं नव्हतं ते सगळं एकदम वर आलं, डोळ्यांपर्यंत. छाती इतक्या जोरात भरून आली की स्टूलची कड धरावी लागली. मला तिच्या पायांशी डोकं ठेवून मोठ्यानं रडायचं होतं.

पण तिला अजून दुखत होतं, आणि मधूनमधून डोळे किलकिले करून ती माझ्याकडे बघत होती. मी तोंड हलू दिलं नाही.